पाकिटातलं ‘पुरवणी’ ओळखपत्र आणि कायद्यातला लिंगबदल

निळी_छत्री | १४ सप्टेंबर २०२४, २१:४०

नमस्कार मंडळी. मूळची सांगलीची, सध्या श्टुटगार्टजवळ नोकरीला. ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्मनोंद पुरुष म्हणून झालेली स्त्री. जुन्या सदस्यांना हे ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगितलं म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

माझ्याकडे दोन कार्डं असतात. एक जर्मन निवास परवान्याचं. त्यावर भारतीय पासपोर्टात आहे तेच, म्हणजे जुनं नाव. दुसरं ‘डीजीटीआय’ नावाच्या, ट्रान्स लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं दिलेलं. जर्मनीत त्याला ‘एर्गेन्त्सुंग्सआउसवाइस’ म्हणतात, मी आपलं पुरवणी कार्ड म्हणते. बँकेच्या कार्डाएवढं. आत्ताचा फोटो, मी वापरते ते नाव, लिंग, मला कसं संबोधायचं ते, आणि मूळ अधिकृत ओळखपत्राचा क्रमांक. किंमत वीस युरोला दहा सेंट कमी.

हे सरकारी नाही. संस्था एक नोंदणीकृत मंडळ आहे, १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेलं. कार्ड एकटं दाखवून काहीही सिद्ध होत नाही. ते मूळ ओळखपत्राच्या सोबतच दाखवायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की दोन्ही कार्डांवरचा माणूस एकच. असं असूनही पोलिसांना ते माहीत असतं, अनेक विद्यापीठं त्यावर विद्यार्थ्याचं नाव नोंदवहीत बदलतात, काही बँका आणि विमा कंपन्याही मानतात. नसेल मानायचं तर त्यांना कुणी भाग पाडू शकत नाही.

एवढी वर्षं लोक हे कार्ड का काढत आले, त्याचं कारण इथला जुना कायदा. १९८० साली केलेला आणि १९८१ पासून लागू असलेला. नाव किंवा लिंग बदलायचं तर न्यायालयात अर्ज, दोन तज्ज्ञांचे अहवाल, आणि सगळा खर्च मिळून बहुतेकांचे हजार युरोच्या वर जायचे. त्या अहवालांसाठी काय काय विचारत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. कागदावरचं लिंग बदलायला शस्त्रक्रिया आणि नसबंदीची अट होती, ती २०११ च्या जानेवारीत घटना न्यायालयानं रद्द केली. आता नवा स्वयंनिर्णय कायदा आलाय. बुंडेसटागनं, म्हणजे इथल्या संसदेनं, १२ एप्रिलला मंजूर केला, १ ऑगस्टपासून पूर्वनोंदणी सुरू झाली, आणि १ नोव्हेंबरपासून नोंदणी कार्यालयात जाऊन स्वतः घोषणा करायची. ना डॉक्टर, ना न्यायाधीश. मी ऑगस्टमध्येच नोंदणी केली, कारण नोंदणी आणि घोषणा यांत तीन महिने जावे लागतात.

आता प्रश्न. एक, आपल्याकडे असं काही बिनसरकारी पण चालणारं कार्ड किंवा पत्र आहे का? दोन, इथला कायदा मला लागू होतो (माझ्यासारख्या ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे युरोपीय संघाचा कुशल नोकरदारांचा परवाना असलेल्यांना होतो, ते तपासलंय), पण पासपोर्ट भारताचा. तो कसा बदलायचा?

---

सावळाराम | १४ सप्टेंबर २०२४, २२:१५

प्रामाणिक शंका, राग मानू नका. एखाद्या संस्थेनं छापलेल्या कार्डाला किंमत का द्यायची? उद्या मीही कार्ड छापून त्यावर ‘कर्नल सावळाराम’ लिहीन. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

---

धायरीकर_आजोबा | १५ सप्टेंबर २०२४, ०७:०५

सावळाराम, ३४ वर्षं महसूल खात्यात काढली, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. तुमची शंका काउंटरवर रोज ऐकायचो, म्हणून माझ्या अनुभवातलं सांगतो.

गावाकडची बाई. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, कारण जमीन वडिलांकडून वारसानं आलेली. मतदार यादीत सासरचं नाव. बँकेच्या पासबुकात लाडाचं नाव, कारण खातं उघडताना नवऱ्यानं तेच सांगितलं. शाळेच्या दाखल्यात चौथंच. अनुदान जमा व्हायची वेळ आली की सगळे म्हणणार, ही बाई तीच कशावरून? मग ती ‘एकच व्यक्ती असल्याबाबतचं प्रतिज्ञापत्र’ करते. ‘वरील सर्व नावे माझीच असून ती एकाच व्यक्तीची आहेत.’ खाली सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार. या कागदानं तिचं नाव बदलत नाही. तिला नवा हक्कही मिळत नाही. दोन खऱ्या कागदांमधला सांधा तेवढा जोडला जातो. तालुक्याच्या ठिकाणी निम्मी कामं याच कागदावर पुढे सरकतात.

या मुलीचं कार्ड मला त्याच जातीचं वाटतं. फरक इतकाच की आपलं प्रतिज्ञापत्र मळकट होऊन चार घड्यांत फाटतं आणि त्यांचं प्लॅस्टिकचं आहे. तुमच्या कर्नलच्या कार्डात आणि यात फरक असा की तुमचं कार्ड तुमच्याकडे नसलेला हुद्दा सांगतं. हिचं कार्ड मूळ ओळखपत्राचा क्रमांक सांगून ‘तिथं जाऊन पडताळा’ म्हणतं.

अवांतर: सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे. तरी लोक रांगा लावून स्टॅम्प पेपर घेतात आणि काउंटरवरचे मागतातही.

---

सावळाराम | १५ सप्टेंबर २०२४, ०९:३०

आजोबा, हे पटलं. पण प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर गुन्हा होतो. तिथे जबाबदारी आहे. कार्डाच्या मागे कोण उभं आहे?

---

कलम_कसाई | १५ सप्टेंबर २०२४, १३:१०

नागपूरहून. पेशानं वकील, नावावर जाऊ नका.

निळी_छत्री, तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्यापासून घेतो, कारण तो जास्त अडचणीचा आहे.

भारतात पाया म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकाल. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री. लिंगओळख ज्यानं त्यानं ठरवायची, शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला, १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. नियम सप्टेंबर २०२० चे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, सोबत प्रतिज्ञापत्र, निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचं, आणि वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करायची नाही, हे नियमातच आहे. नाकारलं तर ९० दिवसांत अपील.

मेख पुढे आहे. कलम ५ आणि ६ खाली जे प्रमाणपत्र मिळतं, त्यावर ‘ट्रान्सजेंडर’ लिहिलेलं असतं. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ हवं असेल तर कलम ७. तिथे शस्त्रक्रिया, त्यावर वैद्यकीय अधीक्षक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, आणि मग सुधारित प्रमाणपत्र. न्यायालयानं २०१४ मध्ये जी अट दारातून बाहेर काढली, ती संसदेनं २०१९ मध्ये खिडकीतून आत घेतली, असं माझं मत. यावर वाद आहे, इथे नको.

आणि तुमच्यासाठी खास अडचण: अर्जदार त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहिलेला असावा लागतो. तुम्ही श्टुटगार्टला. सांगलीच्या पत्त्यावर वर्षभर राहिलात असं प्रतिज्ञेवर कसं सांगणार? नियम लिहिताना परदेशी नोकरी करणारा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, असं दिसतं. जर्मन नोंदणी कार्यालयाचा दाखला इथे आपोआप लागू होत नाही. पुरावा म्हणून जोडता येईल, एवढंच.

सावळाराम, जबाबदारीचं म्हणाल तर कार्ड खोटं ठरवायला समोरच्याला मूळ ओळखपत्र पाहावंच लागतं आणि ते शेजारीच असतं. संस्था सरकारी मोहोर वापरत असती तर गोष्ट वेगळी होती.

---

मोगरा_कुर्ला | १६ सप्टेंबर २०२४, ००:२०

मोबाईलवरून लिहितेय, चुका पोटात घाला.

आपल्याकडे बिनसरकारी कार्ड आहे का विचारलंत. आहे की! मी एचआयव्हीच्या प्रकल्पात फील्डवर काम करायची तेव्हा संस्थेचं कार्ड गळ्यात असायचं. त्यावर माझं हेच नाव, हाच फोटो. रात्री स्टेशनवर कंडोम वाटताना पोलीस आले की आधी ते कार्ड पुढे करायचं. भिक्षा प्रतिबंधाचा १९५९ चा कायदा माहिती असेल, त्याच्याखाली आमच्यातल्या कितीतरी जणींना उचलायचे, भीक मागत असो नसो. कार्ड असलेलीला बहुतेक वेळा सोडायचे. बहुतेक वेळा म्हणतेय, नेहमी नाही. तेव्हा माझ्याकडं सरकारचं एकपण कागद नव्हतं. घरातून निघाले तेव्हा दाखलाबिखला कोण घेऊन निघतं?

आणि त्याच्याही आधीचं ‘कार्ड’ म्हणजे गुरूचं नाव. कोणाची चेली, कुठलं घराणं, एवढं सांगितलं की आमच्यात ओळख पटते. परक्या शहरात गेलं तरी. कागदावर काहीच नाही. पण खोटं सांगितलं तर लगेच उघडं पडतं, कारण फोन करून विचारतात.

आता माझ्याकडं कलेक्टरचं कार्ड आहे. वकील साहेब म्हणाले की त्याच्यावर ‘ट्रान्सजेंडर’ येतं, ‘स्त्री’ नाही. मला तेच पाहिजे होतं. मी बाई म्हणून नाही, हिजडा म्हणून जगते, त्यात मला लाज नाही. निळी ताईला स्त्री पाहिजे, तिचंपण बरोबर. एकाच फॉर्ममध्ये दोघींना बसवायला गेले म्हणून हा घोळ झाला.

संस्थेचं जुनं कार्ड मी फेकलेलं नाही. कलेक्टरचं कार्ड दाखवलं की समोरचा आधी वरपासून खालपर्यंत बघतो. संस्थेचं कार्ड दाखवलं की म्हणतो, अच्छा, तुम्ही काम करता.

---

निळी_छत्री | १६ सप्टेंबर २०२४, २०:५५

मोगराताई, तुमचं शेवटचं वाक्य मी मोठ्यानं वाचलं.

सगळ्यांचे आभार. १२ महिन्यांची अट माहीत नव्हती. सुट्टीत येऊन काम उरकू असं डोक्यात होतं, ते आता गेलं.

इथल्या कार्डाबद्दल थोडं आणखी. कायदा एका जागी लागतो आणि कार्ड दुसऱ्याच जागी. पार्सल घ्यायला गेलं की ओळखपत्र मागतात. पासच्या तपासणीला मागतात. दवाखान्यात नाव पुकारतात. यातलं काहीही न्यायालयीन प्रकरण नाही, आणि दरवेळी मला अनोळखी माणसाला माझं वैद्यकीय चरित्र ऐकवायचं नसतं. कार्ड दिलं की तो वाचतो आणि बोलणं तिथेच संपतं. जर्मन माणूस छापील मजकुरापुढे शांत होतो, हे माझं निरीक्षण.

गंमत म्हणजे जर्मन नागरिकांच्या ओळखपत्रावर लिंग छापलेलंच नसतं. पासपोर्टवर असतं, ओळखपत्रावर नाही. त्यामुळे त्यांची सगळी अडचण नावाशी. आणि माझी? आपल्या पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात पुष्कळांचं स्वतःचं आणि वडिलांचं असं दोन्ही येतं. जर्मन कार्यालय ती दोन्ही माझीच नावं धरतं. नव्या कायद्यात नाव निवडलेल्या लिंगाला साजेसं हवं. नोंदणीच्या वेळी बाईंनी विचारलं, हे दुसरं नाव पुरुषाचं वाटतं, तेही बदलणार ना? ते माझ्या बाबांचं नाव आहे, मी का बदलू? त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. काय ठरलं ते नोव्हेंबरमध्ये कळेल.

---

धायरीकर_आजोबा | १७ सप्टेंबर २०२४, ०६:५०

वडिलांचं नाव ठेवा. लागेल तिथे ‘ही भारतीय पद्धत आहे’ असं एक पत्र वकिलाती‍कडून मिळतं का पाहा. आणि आता आपल्याकडे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव आलंय. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. पंचवीस वर्षांनी ही मुलं जर्मनीला जातील तेव्हा त्या बाईंना फोन आणखी वर लावावा लागेल.

---

लंडनची_पाटलीण | १७ सप्टेंबर २०२४, २३:३५

इकडचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्याखाली सरकारी ‘लिंग मान्यता प्रमाणपत्र’ आहे. दोन वर्षं त्या लिंगात राहिल्याचे कागद, डॉक्टरांचे अहवाल, शपथपत्र, हे सगळं एका मंडळाकडे पाठवायचं. बहुतेक काम नुसत्या कागदांवर होतं. शुल्क १४० पौंड होतं, २०२१ मध्ये ५ पौंड केलं. पण पासपोर्ट आणि वाहन परवाना या प्रमाणपत्राशिवायच बदलता येतात. म्हणून बरेच जण त्या वाटेलाच जात नाहीत. ते लागतं जन्मनोंद, लग्न, पेन्शन अशा ठिकाणी.

नाव बदलणं मात्र फारच सोपं. ‘डीड पोल’ नावाचा एक कागद असतो. तो घरी छापायचा, दोन सज्ञान साक्षीदारांसमोर सही करायची, झालं. हवं तर उच्च न्यायालयात नोंदवा, नाही नोंदवला तरी बहुतेक ठिकाणी चालतो. माझ्या मैत्रिणीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाव बदललं, साक्षीदार म्हणून मी आणि शेजारचे आजोबा. सावळारामांना इथे झोप लागायची नाही.

स्कॉटलंडनं डिसेंबर २०२२ मध्ये स्वघोषणेचा कायदा मंजूर केला होता, लंडनच्या सरकारनं महिन्याभरात तो अडवला. म्हणजे इथेही सगळं सुरळीत आहे असं समजू नका.

---

इतिहासाचे_पान | १८ सप्टेंबर २०२४, २२:००

उशिरा आलो, पण हा माझा आवडता कोपरा आहे, म्हणून जरा पसरून लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरका.

निळी_छत्री यांच्या कार्डाचे पूर्वज बर्लिनमध्येच सापडतात. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळात पुरुष म्हणून जन्मनोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर दिसली तर थेट तसा गुन्हा कायद्यात नव्हता, पण ‘सार्वजनिक शांततेचा भंग’ अशा कलमाखाली पोलीस धरू शकत. मागनुस हिर्शफेल्ड नावाचे ज्यू डॉक्टर तेव्हा बर्लिनमध्ये याच विषयावर काम करत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय अभिप्राय लिहून द्यायचे आणि त्यावर पोलिसांनी एक दाखला द्यायचा, अशी पद्धत १९१० च्या सुमारास सुरू झाली. ‘ट्रान्सव्हेस्टिटेनशाइन’. मजकूर साधारण असा की ही व्यक्ती स्त्रीवेष किंवा पुरुषवेष घालणारी म्हणून पोलिसांना माहीत आहे. बस्स, एवढंच. परवानगीही नाही आणि मान्यताही नाही, ‘आम्हाला माहीत आहे’ एवढीच कबुली. तो दाखला जवळ असला की शिपाई सोडून देत.

१९१९ मध्ये हिर्शफेल्डनं बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. पुढे प्रशियात (बर्लिन ज्या राज्यात होतं तिथे) नाव बदलण्याचीही सोय झाली, पण दोन्हीकडे चालणारं नाव घ्यायचं, म्हणजे ‘आलेक्स’ किंवा ‘टोनी’ असलं. सरकारला वाटत होतं, कुणाला अगदी नाही म्हणायला नको आणि अगदी हो पण नको. (कलम ५ आणि कलम ७ वाचताना मला हेच आठवतं.) १९३१ मध्ये जगप्रवासात हिर्शफेल्ड भारतातही येऊन गेले. ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी त्यांची संस्था लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. ते स्वतः तेव्हा परदेशात होते, जर्मनीत परतलेच नाहीत.

आता दुसरी बाजू. कागद नेहमी संरक्षणच देतो असं नाही. इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा केला, त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. नावं नोंदवा, मालमत्ता नोंदवा, स्त्रीवेषात नाचगाणं केलं तर शिक्षा. तीही ‘नोंदणी’च होती. म्हणून सरकारी यादीत नाव द्यायला कुणी कचरत असेल तर मला ते समजतं. जर्मनीच्या नव्या कायद्याच्या मसुद्यातही बदललेल्या नावांची माहिती सुरक्षा यंत्रणांकडे आपोआप पाठवण्याचं कलम होतं. विरोध झाला, आणि अंतिम मजकुरातून ते काढलं.

---

मोगरा_कुर्ला | १९ सप्टेंबर २०२४, ०१:१०

१८७१ चं आमच्या गुरूंना तारखेनं माहिती नव्हतं. पण ‘यादीत नाव देऊ नको’ हे त्या सांगायच्या. का, ते त्यांनापण त्यांच्या गुरूनं सांगितलेलं नव्हतं. पोर्टलवर अर्ज भरायला मी त्यांची दोन वर्षं विनवणी केली. आता भरलाय.

---

सावळाराम | १९ सप्टेंबर २०२४, ०९:४५

इतिहासवाल्यांनी छान लिहिलंय. माझं मत थोडं हललंय, पण पूर्ण नाही. रोजच्या व्यवहाराला असली कार्डं ठीक. पण बिनसरकारी कार्ड चालून जातं म्हटल्यावर सरकार आपलं काम पुढे ढकलत राहतं, असं नाही का वाटत? जर्मनीनं १९८० चा कायदा २०२४ पर्यंत ओढला. लोक वीस युरोत भागवत होते म्हणूनच ना?

---

निळी_छत्री | १९ सप्टेंबर २०२४, १९:२०

हा मुद्दा खरा आहे, आणि इथल्या बैठकांमध्ये ट्रान्स लोकच तो मांडतात. माझं म्हणणं वेगळं आहे. कायदा बदलला तो घटना न्यायालयात एकेक कलम पाडून. २०११ चा निकाल, मग २०१७ चा तिसऱ्या नोंदीचा निकाल, त्यातून २०१८ मध्ये स्त्री-पुरुष यांखेरीज ‘डिव्हर्स’ ही नोंद आली. हे खटले वर्षानुवर्षं चालतात. खटला चालू असताना माणसाला पार्सल घ्यावं लागतं. वाट पाहणाऱ्यांना कार्ड नसतं तर निकाल लवकर लागला असता, असं मला दिसत नाही. ती माणसं फक्त जास्त थकली असती.

---

कोल्हापूरची_आई | २ ऑक्टोबर २०२४, १५:०५

नमस्कार. दोन आठवडे नुसती वाचतेय. आज लिहायचं धाडस करते.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. जन्मदाखल्यावर मुलगी. घरी आम्ही त्याला त्यानं निवडलेल्या नावानं हाक मारतो, त्याच्या बाबांना वेळ लागला पण आता तेही मारतात. सासूबाई अजून दोन्ही नावं एका दमात घेतात. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. मागच्या वर्षी एका परीक्षेला केंद्रावरच्या माणसानं प्रवेशपत्रावरचं नाव, फोटो आणि समोरचा मुलगा बघून त्याला बाजूला उभं केलं. शेवटी बसू दिलं, पण पहिला अर्धा तास गेला. शस्त्रक्रिया वगैरे आत्ता विषयच नाही. त्याच्याकडे समुपदेशकांचं पत्र आहे. ते चालेल का? का सरकारी प्रमाणपत्रच काढू?

---

कलम_कसाई | २ ऑक्टोबर २०२४, १८:४०

ताई, दोन्ही करा, पण दोन्हींकडून वेगवेगळी अपेक्षा ठेवा.

समुपदेशकांचं पत्र म्हणजे बिनसरकारी कागद. त्यानं प्रवेशपत्रावरचं नाव बदलणार नाही. पण केंद्रावरच्या माणसाला ‘हाच तो विद्यार्थी, घोटाळा नाही’ एवढं कळायला ते पुरतं. पत्र लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, आणि त्यात प्रवेशपत्रावरचं नाव व वापरातलं नाव दोन्ही स्पष्ट हवीत. आजारपणाची भाषा नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची नवी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे, तिच्यात हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणात राहिलेला नाही. डॉक्टर जुनी भाषा लिहीत असतील तर नम्रपणे सांगा.

प्रमाणपत्रासाठी: तो अल्पवयीन आहे, म्हणून अर्ज पालक म्हणून तुम्ही करायचा. कलम ५ मध्ये तशी तरतूद आहे. तपासणीला न्यायची गरज नाही, कुणी मागणी केली तर नियम दाखवा. हे प्रमाणपत्र मिळालं की त्याच्या आधारावर आधारपासून दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंतचे कागद बदलायला अर्ज करता येतो, आणि नियम म्हणतो १५ दिवसांत बदल व्हावा. प्रत्यक्षात शिक्षण मंडळाकडे आधी शाळेमार्फत जावं लागेल, फेब्रुवारीच्या आत होईल असं मी सांगणार नाही. म्हणून परीक्षेसाठी पत्र, आणि मुख्याध्यापकांचं एक पत्र केंद्रसंचालकांच्या नावे. परीक्षेच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी नेऊन द्या.

---

मोगरा_कुर्ला | २ ऑक्टोबर २०२४, २३:५०

ताई, मुलाला विचारलं का ‘ट्रान्सजेंडर’ लिहिलेलं कार्ड त्याला पाहिजे की नको? काही ट्रान्स पोरांना ते नको असतं. त्यांना नुसतं ‘पुरुष’ पाहिजे असतं. एकदा कार्ड आलं की कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यांना माहिती होतं, शिपायापासून. त्याला ते चालणार असेल तरच.

---

कोल्हापूरची_आई | ३ ऑक्टोबर २०२४, ११:३०

विचारलं. म्हणाला, आत्ता फक्त पत्र. कॉलेज सुटल्यावर कार्डाचं बघू. त्याच्या बाबांचं म्हणणं सरकारी कागद आत्ताच काढून ठेवावा, उद्या कायदा बदलला तर? जेवताना यावर बरंच झालं. शेवटी मुलाचं ऐकलं.

---

संपादक मंडळ | ३ ऑक्टोबर २०२४, १२:००

धाग्यावरचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. विषयाला धरून लिहा, कुणाच्या शरीराविषयी प्रश्न विचारू नका.

---

निळी_छत्री | २३ नोव्हेंबर २०२४, २१:१५

झालं! या महिन्यात घोषणा केली. काम पंधरा मिनिटांचं. बाबांचं नाव राहिलं. आजोबा, तुमचा सल्ला कामी आला, भारतीय नावपद्धतीवर एका पानाचं निवेदन घेऊन गेले होते. बाईंनी ते फाइलला लावलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

आता जर्मन कायद्यासाठी मी स्त्री. माझं जुनं नाव माझं नुकसान करण्याच्या हेतूनं कुणी मुद्दाम उघड केलं तर १०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, असं कलम आहे. पण पासपोर्ट जुनाच आहे, त्यामुळे विमानाचं तिकीट जुन्या नावानं, आणि फ्रँकफर्टच्या काउंटरवर तोच सगळा प्रकार. म्हणून पुरवणी कार्ड काढून टाकता येत नाही. उलट आता तीन कागद झाले: पासपोर्ट, नोंदणी कार्यालयाचा दाखला, आणि कार्ड. डिसेंबरात सांगलीला येतेय. मुंबईच्या विमानतळावर यांतलं नेमकं काय दाखवायचं?

---

कलम_कसाई | २३ नोव्हेंबर २०२४, २२:३०

फक्त पासपोर्ट. बाकीचे कागद विचारल्याशिवाय काढू नका. इमिग्रेशनच्या माणसाला एकच प्रश्न पडलेला असतो, हा पासपोर्ट याच व्यक्तीचा आहे का. फोटो जुळत नसेल आणि त्यानं विचारलं तर दाखला, सोबत त्याचं इंग्रजी प्रमाणित भाषांतर. ते निघण्याआधी करून घ्या, इथे येऊन होणार नाही. परतीच्या वेळीही हेच. आणि जमलं तर सांगलीत असताना एक साधं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची म्हणून.

---

धायरीकर_आजोबा | २४ नोव्हेंबर २०२४, ०६:४०

प्रतिज्ञापत्र करताना दोन मूळ प्रती करा. एक जर्मनीत ठेवा, एक घरी आईकडे. स्टॅम्प पेपर मागितला तर देऊन टाका. माफी आहे हे त्यांनाही माहीत असतं, पण तुमची सुट्टी त्या वादात घालवू नका. आणि सही इंग्रजीत करा, पासपोर्टवर आहे तशीच.